शिनेड ओ'कॉनर : फाडलेल्या फोटोच्या अलीकडे आणि पलीकडे

३ ऑक्टोबर १९९२, शनिवारची रात्र. न्यूयॉर्कमध्ये एनबीसी वाहिनीच्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या लोकप्रिय कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण चालू होते. पंचवीस वर्षांची, डोक्याचे मुंडन केलेली एक आयरिश गायिका पांढऱ्या झग्यात एकटीच उभी राहून गात होती. साथीला एकही वाद्य नव्हते. गाणे बॉब मार्लेचे, 'वॉर'. गाणे संपत आले तेव्हा तिने पोप जॉन पॉल दुसरे यांचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला, त्याचे तुकडे केले, खऱ्या शत्रूशी लढण्याचे आवाहन करून ते तुकडे पुढे भिरकावले आणि समोरच्या मेणबत्त्या फुंकून विझवल्या. सभागृहात टाळी वाजली नाही. निर्मात्यांनी टाळ्यांची सूचना देणारा दिवा लावूच दिला नव्हता.

शिनेड ओ'कॉनर हे नाव आज काढले की बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात. एक, 'नथिंग कंपेअर्स टू यू' या गाण्याच्या चित्रफितीत तिच्या गालावरून ओघळलेले अश्रू. आणि दुसरी, हा फाडलेला फोटो. या दोन्हींना जोडणारी एक कथाही रूढ आहे : यशाच्या शिखरावर पोचलेल्या एका हट्टी मुलीने एका आततायी कृतीने स्वतःच्या कारकिर्दीची राख केली. या लेखासाठी मी तिच्या ध्वनिमुद्रिका, तिच्या मुलाखती, 'रिमेंबरिंग्ज' हे २०२१ साली आलेले तिचे आत्मकथन आणि आयर्लंडमधील चौकशी आयोगांचे निष्कर्ष शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. तेव्हा ही रूढ कथा मला अपुरी वाटू लागली. ती कुठे अपुरी पडते आणि का, हे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

घरादारावर सत्ता असलेले चर्च

शिनेडचा जन्म ८ डिसेंबर १९६६ रोजी डब्लिनमध्ये झाला. त्या काळच्या आयर्लंडची थोडी ओळख करून घेतल्याशिवाय तिची चीड समजणार नाही. १९३७ च्या राज्यघटनेने कॅथलिक चर्चला 'विशेष स्थान' बहाल केले होते. ते कलम १९७२ साली वगळले गेले, पण व्यवहारात फारसे बदलले नाही. बहुसंख्य शाळा चर्चच्या, रुग्णालयांवर चर्चचा वरचष्मा, अनाथ मुलांच्या संस्था चर्चच्याच. स्त्रीचे घरातील जीवन हा राष्ट्राचा आधार आहे असे घटनेतच लिहिलेले. सरकारी नोकरीतील स्त्रीला लग्न झाले की १९७३ पर्यंत नोकरी सोडावी लागे. गर्भनिरोधकांच्या विक्रीवर १९३५ पासून बंदी होती. ती १९७९ मध्ये थोडी सैल झाली आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय निरोध मिळू लागायला १९८५ साल उजाडले. घटस्फोटाला घटनेनेच मनाई केली होती. ती उठवण्याचा प्रस्ताव १९८६ च्या सार्वमतात फेटाळला गेला आणि १९९५ मध्ये अगदी थोड्या मतांनी मंजूर झाला.

याच देशात सप्टेंबर १९७९ मध्ये पोप जॉन पॉल आले. डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधील प्रार्थनेला दहा लाखांहून अधिक लोक लोटले. तेव्हा देशाची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आतबाहेर होती. घराघरांत त्यांचे फोटो लागले. तसाच एक फोटो शिनेडच्या आईच्या खोलीतही होता.

आई, लाँड्री आणि गिटार

शिनेडचे आईवडील ती लहान असतानाच वेगळे झाले. वडील जॉन ओ'कॉनर आधी अभियंता, नंतर बॅरिस्टर. मुलांचा ताबा मिळवणाऱ्या आयर्लंडमधील पहिल्या काही पित्यांपैकी ते एक. पुढे घटस्फोटाच्या हक्कासाठी लढणाऱ्या संघटनेचे ते अध्यक्षही झाले. शिनेड मात्र काही काळ आईकडे राहिली. आईने केलेली मारहाण, उपासमार, अपमान यांबद्दल ती आयुष्यभर जाहीरपणे बोलत राहिली. तिच्या सांगण्यानुसार आईच तिला चोऱ्या करायला लावी. धर्मादाय कामासाठी गोळा केलेल्या डब्यातील पैसेही घरी येत. आई श्रद्धाळू होती, आणि मुलीच्या मनात भिंतीवरचा पोप आणि त्याच भिंतींआड होणारी मारहाण ही दोन्ही एकत्रच साठत गेली. १९८५ मध्ये मोटार अपघातात आईचा मृत्यू झाला. घरातून शिनेडने पोपचा तो फोटो उचलला आणि जवळ ठेवला. सात वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये फाडला तो हाच.

शाळा चुकवणे आणि किरकोळ चोऱ्या यांमुळे वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास तिची रवानगी 'अन् ग्रिआनान' या प्रशिक्षण केंद्रात झाली. डब्लिनच्या ड्रमकाँड्रा भागात, 'हाय पार्क' नावाच्या मठाच्या आवारात हे केंद्र होते. त्याच आवारात मॅग्डलेन लाँड्री होती. आयर्लंडमधील मॅग्डलेन लाँड्र्या म्हणजे जोगिणींच्या देखरेखीखाली चालणाऱ्या धुलाईच्या भट्ट्या. लग्नाआधी दिवस गेलेल्या, घरच्यांना नकोशा झालेल्या, कधी नुसत्याच 'वाह्यात' ठरवलेल्या मुली तिथे पाठवल्या जात. हॉटेलांचे आणि रुग्णालयांचे कपडे त्या धूत. मजुरी मिळत नसे. कित्येकींचे सारे आयुष्य तिथेच गेले. शिनेडने लिहिले आहे की एकदा शिक्षा म्हणून तिला रात्री आजारी म्हाताऱ्या बायकांच्या खोलीत झोपायला पाठवले. त्या लाँड्रीत म्हाताऱ्या झालेल्या आणि आता मरणाची वाट पाहणाऱ्या बायका होत्या. इथून सुटका झाली नाही तर आपले काय होईल, हे तिला त्या रात्री दिसले.

पण हेही नोंदवायला हवे की तिला पहिली गिटार आणि बॉब डिलनच्या गाण्यांचे पुस्तक घेऊन दिले ते त्याच केंद्रातील एका ननने. तिथे शिकवायला येणाऱ्या एका बाईंच्या लग्नात शिनेड गायली, आणि त्या ओळखीतून 'इन तुआ नुआ' या बँडसाठी गाणे लिहिण्याची पहिली संधी तिला मिळाली. म्हणजे तिला जखम जिथे झाली, औषधही तिथेच मिळाले. धर्माशी तिचे नाते आयुष्यभर असेच दुहेरी राहिले. तिला निधर्मी बंडखोर समजणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले नाही. तिच्या पहिल्या अल्बमचे 'द लायन अँड द कोब्रा' हे नावही बायबलमधल्या ९१ व्या स्तोत्रातून घेतलेले आहे.

मुंडन

१९८०च्या दशकाच्या मध्यावर ती लंडनला आली आणि एन्साइन या कंपनीने तिला करारबद्ध केले. कंपनीच्या अधिकाऱ्यांची इच्छा होती की तिने केस वाढवावेत, आखूड स्कर्ट घालावेत, थोडे मोहक दिसावे. ती न्हाव्याकडे गेली आणि सगळे केस उतरवून आली.

केशवपनाचा इतिहास ज्या भाषेत अजून पुरता शिळा झालेला नाही, त्या भाषेच्या वाचकाला बाईच्या मुंडनाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे विधवेचे केस उतरवले जात ते तिला 'कुरूप' करून पुरुषाच्या नजरेतून बाद करण्यासाठी. मॅग्डलेन लाँड्रीतून वाचलेल्या अनेक स्त्रियांनीही शिक्षा म्हणून केस कापल्याच्या साक्षी दिल्या आहेत. शिनेडने तीच गोष्ट स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने केली. सुंदर दिसण्यात धोका असतो हे आपण घरातच शिकलो, असे ती पुढे सांगत असे. त्यामुळे या मुंडनाकडे केवळ फॅशन म्हणून पाहता येत नाही. गंमत अशी की बाजाराने तेही पचवले. ते डोके, ते मोठे डोळे हीच तिची विक्रीयोग्य ओळख झाली.

पहिल्या अल्बमच्या वेळी ती गरोदर होती. मूल आणि कारकीर्द यांपैकी एक निवड, असा कंपनीचा सूर होता, असे तिने सांगितले आहे. तिने दोन्ही निवडले. आधीच्या निर्मात्याने केलेले ध्वनिमुद्रण तिला पसंत पडले नाही, म्हणून ते बाजूला ठेवून तिने विशीतच स्वतः अल्बमची निर्मिती केली. १९८७ मध्ये 'द लायन अँड द कोब्रा' बाहेर आला.

हा अल्बम आजही ऐकावा असा आहे. त्यातील 'ट्रॉय' हे गाणे साडेसहा मिनिटांचे. त्याचे नाव आपल्याला कवी यीट्सच्या कवितेकडे नेते. आशय मात्र प्रियकर आणि आई या दोघांना एकाच वेळी संबोधणारा. व्हायोलिनांच्या पार्श्वभूमीवर ती जवळजवळ कुजबुजत सुरुवात करते आणि अखेरीस तो आवाज असा उसळतो की ऐकणारा दचकतो. ही कुजबुज आणि किंकाळी, आणि मधली पायरी गाळण्याची ही हिंमत, हे तिच्या गायकीचे मर्म. रॉक संगीतात बायकांनी ओरडणे नवे नव्हते. जॅनिस जॉप्लिन आणि पॅटी स्मिथ यांनी ती वाट आधीच पाडली होती. शिनेडच्या आवाजात जे वेगळे होते ते आयरिश मातीतले. मृताच्या उशाशी बसून बायकांनी आकांताने विलाप गाण्याची 'कीनिंग' नावाची एक जुनी परंपरा आयर्लंडमध्ये होती. चर्चने ती शतकानुशतके दडपली. शिनेडच्या दुसऱ्या अल्बममधील 'आय अ‍ॅम स्ट्रेच्ड ऑन युवर ग्रेव्ह' हे गाणे एका जुन्या आयरिश विलापिकेच्या भाषांतरावर बेतलेले आहे. त्याला तिने जेम्स ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर' या ध्वनिमुद्रणातील ढोलाचा ताल जोडला आणि शेवटी आयरिश फिडल सोडले. थडगे, काळ्या अमेरिकेचा ठेका आणि गावाकडचे व्हायोलिन! हे मिश्रण तिला सुचू शकले, कारण तिची नाळ या दोन्ही दुःखांशी जुळलेली होती.

एका गाण्याचे ओझे

'नथिंग कंपेअर्स टू यू' हे गाणे तिचे नव्हे. प्रिन्सने ते 'द फॅमिली' या बँडसाठी लिहिले होते आणि १९८५ मध्ये ते येऊन विस्मरणात गेले होते. जानेवारी १९९० मध्ये शिनेडने ते नव्याने आणले. जॉन मेबरीने दिग्दर्शित केलेल्या चित्रफितीचा बहुतेक भाग म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवरचा तिचा चेहरा. गाण्यात आईने लावलेल्या फुलांचा उल्लेख येतो, तिथे तिला खरोखर रडू आले. ते ठरवलेले नव्हते, आणि तसेच ठेवले गेले. जगाने ज्याला विरहगीत मानले, ते गाताना ती मेलेल्या आईशी बोलत होती.

गाणे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये प्रत्येकी चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. 'आय डू नॉट वाँट व्हॉट आय हॅवंट गॉट' हा अल्बम अमेरिकेच्या यादीत सहा आठवडे अग्रस्थानी होता. एमटीव्हीचा 'वर्षातील सर्वोत्तम चित्रफीत' हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. आता तिने शांत बसून ही कमाई मोजावी, अशी सर्वांची अपेक्षा होती.

पण ती आधीही शांत नव्हती. १९८९ च्या ग्रॅमी सोहळ्यात रॅप संगीताचा पुरस्कार दूरचित्रवाणीवर दाखवायचा नाही असे ठरले, तेव्हा निषेध म्हणून तिने डोक्यावर 'पब्लिक एनिमी' या रॅप गटाचे बोधचिन्ह रंगवून गाणे सादर केले. ऑगस्ट १९९० मध्ये न्यू जर्सीतील कार्यक्रमाआधी अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवायला तिने नकार दिला. वृत्तपत्रे खवळली, फ्रँक सिनात्राने मंचावरून तिला लाथ घालायची भाषा केली. १९९१ मध्ये तिला ग्रॅमी जाहीर झाला, तो तिने नाकारला. संगीताचा हा सारा व्यवहार कलेचा नसून पैशाचा आहे, असे तिचे म्हणणे होते. त्याच यशस्वी अल्बममध्ये 'ब्लॅक बॉइज ऑन मोपेड्स' हे गाणे आहे. लंडनमध्ये पोलिसांच्या हातून कृष्णवर्णीय तरुणांचे काय होते, याबद्दल ते थेट मार्गारेट थॅचर यांचे नाव घेऊन बोलते. १९८३ मध्ये लंडनच्या एका पोलीस ठाण्यात गोळी लागून मरण पावलेल्या कॉलिन रोच या तरुणाच्या आईवडिलांचा फोटो अल्बमच्या वेष्टनात छापला होता. प्रेमगीत ऐकायला आलेल्या लाखो लोकांच्या घरात तो फोटो पोचला.

तो फोटो

आता पुन्हा ३ ऑक्टोबर १९९२. 'वॉर' या गाण्याचे शब्द इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांनी १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात केलेल्या भाषणातून घेतलेले आहेत. विषय वर्णद्वेषाचा. शिनेडने त्यातील काही शब्द बदलून तिथे मुलांच्या छळाचा उल्लेख घातला. म्हणजे फोटो फाडण्याआधी ती कशाबद्दल बोलते आहे हे तिने गाऊन सांगितले होते. पण अमेरिकेतल्या फार थोड्या लोकांना ते ऐकू आले.

ही कृती तिने झोकात केली असेही नाही. दुपारच्या तालमीत तिने एका मुलाचा फोटो दाखवला होता. वाहिनीला तेच अपेक्षित होते. फोटो फाडण्याची कल्पनाही तिने कुठून घेतली ते तिने सांगितले आहे : १९७८ मध्ये बॉब गेल्डॉफच्या 'बूमटाउन रॅट्स'ने ब्रिटिश दूरचित्रवाणीवर जॉन ट्रॅव्होल्टाचा फोटो फाडून त्याला यादीतून खाली खेचल्याचा आनंद साजरा केला होता. ट्रॅव्होल्टाचा फोटो फाडला की ती गंमत असते. पोपचा फाडला की पाप.

प्रतिक्रिया लगेच उमटली. वाहिनीकडे हजारो तक्रारी आल्या. पुढच्याच आठवड्यात त्याच मंचावर अभिनेता जो पेशी याने फोटोचे चिकटवलेले तुकडे दाखवले आणि मी असतो तर तिला एक ठेवून दिली असती, अशा अर्थाचे बोलून टाळ्या मिळवल्या. मुलांच्या मारहाणीबद्दल बोलणाऱ्या बाईला मारण्याची धमकी हा विनोद ठरला, यातली विसंगती त्या वेळी कोणी बोलून दाखवल्याचे दिसत नाही. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तिच्या ध्वनिमुद्रिकांवरून रोडरोलर फिरवला गेला. स्वतः कॅथलिक प्रतीकांशी खेळून नाव कमावलेल्या मॅडोनानेही तिच्यावर टीका केली.

१६ ऑक्टोबरला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉब डिलनच्या कारकिर्दीची तीस वर्षे साजरी होत होती. शिनेड मंचावर आली आणि हुर्यो सुरू झाली. जल्लोषही होता, पण हुर्यो थांबेना. तिने डिलनचे एक गाणे म्हणायचे ठरले होते. वादकांनी दोनदा सुरुवात करून पाहिली. तिने हाताने थांबवले. क्रिस क्रिस्टोफरसन मंचावर येऊन तिच्या कानात धीराचे दोन शब्द बोलला. तिने मायक्रोफोनचा आवाज वाढवायला सांगितला आणि पुन्हा 'वॉर' म्हटले, गाण्यापेक्षा ओरडून. मग मंचामागे जाऊन ती क्रिस्टोफरसनच्या कुशीत रडली. बंडखोर गाण्यांचा सोहळा करायला जमलेल्या त्या श्रोत्यांना प्रत्यक्ष बंड समोर आल्यावर सोसवले नाही, हा त्या संध्याकाळचा धडा आहे.

कागदपत्रे काय म्हणतात

इथे तारखांकडे नीट पाहावे लागते. मे १९९२ मध्ये, म्हणजे फोटो फाडण्याच्या पाच महिने आधी, गॉलवेचे बिशप एमन केसी यांना मुलगा असल्याचे उघड झाले होते. १९७९ मध्ये पोपच्या स्वागतासाठी तरुणांसमोर उभे राहिलेले हेच ते बिशप. हे प्रकरण ढोंगाचे होते. मुलांवरील अत्याचारांबद्दल मात्र अजून कोणी बोलत नव्हते.

मग एकेक दार उघडत गेले. १९९३ मध्ये हाय पार्कच्या जोगिणींनी आपल्या जमिनीचा तुकडा विकला. त्यात लाँड्रीतील स्त्रियांची दफनभूमी होती. १३३ मृतदेह उकरण्याची परवानगी घेतली होती, निघाले १५५. कित्येकींच्या मृत्यूची नोंदच नव्हती. शिनेडने ज्या आवारात आपली किशोरवयातली दीड वर्षे काढली, तेच हे आवार. १९९४ मध्ये ब्रेंडन स्मिथ या धर्मगुरूच्या अत्याचारांचे प्रकरण इतके चिघळले की आयर्लंडचे सरकार कोसळले. शेवटची मॅग्डलेन लाँड्री १९९६ मध्ये बंद झाली. १९९९ मध्ये पत्रकार मेरी रॅफ्टरी यांच्या 'स्टेट्स ऑफ फिअर' या दूरचित्रवाणी मालिकेनंतर पंतप्रधानांनी संस्थांमध्ये छळ झालेल्या मुलांची जाहीर माफी मागितली. २००२ मध्ये 'बोस्टन ग्लोब'ने अमेरिकेतील चर्चचे झाकलेले गुन्हे उघडे केले. मे २००९ मध्ये रायन आयोगाचा अहवाल आला : चर्चच्या संस्थांमध्ये मुलांचा छळ दशकानुदशके पद्धतशीरपणे होत होता. त्याच वर्षी मर्फी अहवालाने डब्लिनच्या धर्मप्रांतात गुन्हे कसे दडपले गेले ते दाखवले. मार्च २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट यांना आयर्लंडच्या कॅथलिकांना उद्देशून पत्र लिहावे लागले. त्यावर शिनेडने 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये लेख लिहून ही माफी अपुरी असल्याचे सांगितले. २०१३ मध्ये सरकारी चौकशीतून कळले की १९२२ पासून सुमारे दहा हजार स्त्रिया या लाँड्र्यांमधून गेल्या, आणि पंतप्रधान एन्डा केनी यांनी संसदेत त्यांची माफी मागितली.

या साखळीतील एक दुवा आपल्याला जवळचा आहे. बेळगावच्या कुटुंबातील सविता हलप्पनवार ही ३१ वर्षांची दंतवैद्य २८ ऑक्टोबर २०१२ रोजी गॉलवेच्या रुग्णालयात मरण पावली. गर्भपात होऊ लागला होता, मूल वाचणार नव्हते. तरीही गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भ काढून टाकण्याची तिची विनंती मान्य झाली नाही आणि जंतुसंसर्गाने तिचा जीव घेतला. १९८३ च्या ज्या घटनादुरुस्तीने डॉक्टरांचे हात बांधले, ती त्याच आयर्लंडची निर्मिती होती ज्यात शिनेड वाढली. मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ती दुरुस्ती रद्द केली, तेव्हा डब्लिनच्या भिंतीवर सविताचे चित्र होते. आपल्या वृत्तपत्रांनी ही बातमी परदेशी कायद्याची म्हणून छापली. तिची मुळे चर्चच्या त्याच सत्तेत होती, जिच्या विरोधात एका गायिकेने वीस वर्षांपूर्वी आवाज उठवला होता.

शिनेडमुळे हे सगळे घडले, असा दावा मी करणार नाही. घडवले ते वाचलेल्या स्त्री-पुरुषांनी, पत्रकारांनी, वकिलांनी. पण अहवाल येण्याआधी सत्य सांगणाऱ्याकडे पुरावा म्हणून काय असते? स्वतःचे शरीर आणि स्वतःची आठवण, एवढेच. ते जग मान्य करत नाही. मग उरते ती डिवचणारी कृती. तिचे फोटो फाडणे मला सनसनाटीपेक्षा साक्षीच्या जवळचे वाटते. ती साक्ष नोंदवून घेणारे न्यायालय मात्र तेव्हा अस्तित्वात नव्हते.

नंतरची तीस वर्षे

रूढ कथेत १९९२ नंतर शिनेड संपते. प्रत्यक्षात तिने आणखी सात स्टुडिओ अल्बम केले. १९९४ च्या 'युनिव्हर्सल मदर'मधील 'फॅमिन' या गाण्यात ती १८४५ नंतरच्या आयरिश दुष्काळाबद्दल बोलते : देशातून अन्न निर्यात होत असताना माणसे उपाशी मेली, त्याला दुष्काळ का म्हणायचे? आणि मार खाल्लेल्या मुलासारखे हे राष्ट्र आपल्या आठवणी दडपून बसले आहे, असे निदान करते. घरातील हिंसा आणि इतिहासातील हिंसा यांना जोडणारा हा धागा तिच्या साऱ्या कामात आहे. २००२ मध्ये 'शान नोस नुआ' या अल्बममध्ये तिने पारंपरिक आयरिश गाणी घेतली. २००५ मध्ये जमैकाला जाऊन स्लाय आणि रॉबी या जोडीबरोबर रेगे गायली. विक्री पहिल्यासारखी कधी झाली नाही. पण तिचा स्वतःचा हिशेब वेगळा होता. आत्मकथनात ती म्हणते की पहिल्या क्रमांकावर गेलेल्या गाण्याने आपली वाट चुकवली होती. फोटो फाडल्याने आपण पुन्हा मूळ वाटेवर आलो. तिला पॉपची राणी व्हायचे नव्हते, निषेधाची गाणी गायची होती.

तिला संत बनवण्याचा मोह मात्र टाळायला हवा. तरुणपणी तिने आयआरएच्या हिंसेला पाठिंबा दिला आणि नंतर तो मागे घेतला. २०१८ मध्ये इस्लाम स्वीकारल्यावर मुस्लिमेतरांबद्दल अत्यंत अनुदार विधान केले आणि त्याबद्दल माफीही मागितली. १९९९ मध्ये रोमला न मानणाऱ्या एका पंथात तिने धर्मगुरूची दीक्षा घेतली होती; इस्लाममध्ये तिने शुहदा सदाकत हे नाव घेतले. वृत्तपत्रांनी या सगळ्याला लहरीपणा म्हटले. मला त्यात एक सूत्र दिसते : देव हवा, पण देवाचे मध्यस्थ नकोत. मानसिक आजार, आत्महत्येचे विचार, रुग्णालये याबद्दलही ती लपवाछपवी न करता बोलली. आणि या बोलण्याचाही तमाशा झाला. जानेवारी २०२२ मध्ये तिचा सतरा वर्षांचा मुलगा शेन गेला. त्या दुःखातून ती सावरली नाही. २६ जुलै २०२३ रोजी लंडनमध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, दम्याने आणि फुप्फुसांच्या जुन्या आजाराने तिचा मृत्यू झाला.

त्यानंतर जे झाले तेही या अभ्यासाचा भाग आहे. ज्या वृत्तपत्रांनी तिला वेडी ठरवले होते, त्यांनी तिला द्रष्टी म्हटले. हा उशिरा आलेला आदर खोटा नव्हता, पण सोयीचा होता. मेलेली बंडखोर बाई सर्वांना चालते; ती पुढचा प्रश्न विचारू शकत नाही. तिचे बोलणे खरे ठरले म्हणून आज आपण तिला मोठेपण देतो. ते खरे ठरण्याआधी, पुरावे यायचे असताना, आपण कोणत्या बाजूला उभे असतो, ही कसोटी अधिक अवघड आहे, आणि ती फक्त आयर्लंडपुरती नाही.

८ ऑगस्ट २०२३ रोजी समुद्रकाठच्या ब्रे गावातून तिची अंत्ययात्रा निघाली. आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान अंत्यविधीला आले होते. प्रार्थना एका इमामांनी म्हटली. रस्त्याच्या दुतर्फा हजारो लोक उभे होते. शवपेटीच्या पुढे एक जुनी फोक्सवॅगन गाडी चालली होती, आणि तिच्यावरच्या कर्ण्यांतून बॉब मार्लेचे गाणे वाजत होते. या वेळी लोक टाळ्या वाजवत होते.